फिल्मची रंगत आणि घरची माणसे

नव्या कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका उघडली की तिच्यात जुन्या फिल्मची नावे भेटतात, याचे पुष्कळांना नवल वाटते. फूजीफिल्म कंपनीच्या कॅमेऱ्यांत ‘प्रोव्हिया’, ‘व्हेल्व्हिया’, ‘क्लासिक क्रोम’, ‘क्लासिक निगेटिव्ह’ अशा नावांच्या रंगयोजना असतात. त्याच जातीच्या सोयीला कॅनन ‘पिक्चर स्टाइल’ म्हणते, निकॉन ‘पिक्चर कंट्रोल’ आणि सोनी ‘क्रिएटिव्ह लूक’. नावे निराळी असली तरी हेतू एकच. चित्र टिपण्याच्या क्षणीच कॅमेऱ्याने त्याचे रंग ठरवावेत, आणि मागाहून संगणकापुढे बसण्याचे कष्ट वाचावेत.

या सोयीचा उपयोग करून छायाचित्राला फिल्मची रंगत आणण्याची हौस आज घरोघरी दिसते. ज्यांनी एके काळी रीळ घालून छायाचित्रे काढली त्यांना ती आहेच. ज्यांनी रीळ हाताळलेही नाही त्या तरुण मुलामुलींना ती कांकणभर अधिकच आहे. या हौसेत गैर काही नाही. परंतु फिल्मची रंगत म्हणजे नेमके काय, ती कोणत्या गोष्टींमुळे येत असे, आणि ती आणू पाहताना आपल्या माणसांच्या चेहऱ्यांचे काय होते, एवढे जाणून घेतले तर ही हौस अधिक डोळसपणे करता येईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरातील जुना अल्बम उघडला की १९७०च्या आसपासची रंगीत छायाचित्रे तांबूस झालेली आढळतात, त्यांचे पांढरे भाग पिवळटलेले असतात. हीच फिल्मची रंगत, असे समजून पुष्कळ जण कॅमेऱ्यात तांबडा आणि पिवळा रंग चढवतात. वस्तुतः तो फिल्मचा गुण नव्हे, काळाचा परिणाम होय. त्या काळच्या रंगीत कागदावर निळसर, किरमिजी आणि पिवळी अशी तीन रंगद्रव्ये असत. अल्बम मिटून ठेवला तरी त्यांतील निळसर द्रव्य पुष्कळदा सर्वांआधी क्षीण होई, आणि उरलेल्या दोहोंमुळे चित्र तांबडे दिसू लागे. ज्या दिवशी ते छायाचित्र स्टुडिओतून घरी आले, त्या दिवशी त्यातील आकाश निळे आणि भिंत पांढरीच होती. काल काढलेल्या छायाचित्राला जन्मतःच वार्धक्य आणणे म्हणजे फिल्मची रंगत नव्हे.

मग ती रंगत कशात होती? फिल्मचा रंग आधी कारखान्यात आणि मग प्रयोगशाळेत ठरत असे. १९३५ साली निघालेल्या कोडाक्रोमचा स्वभाव गंभीर आणि भरदार. १९९०च्या व्हेल्व्हियाचा भडक, निसर्गदृश्यांना साजेसा. रीळ एकदा कॅमेऱ्यात भरले की ते संपेपर्यंत त्याच्या स्वभावाशी जुळवून घ्यावे लागे. मराठी माणसाला याची एक जुनी आठवण ठाऊक असेल. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचे धाडस केले. त्याच्या रंगप्रक्रियेचे काम जर्मनीत झाले, परंतु रंग मनासारखे उतरले नाहीत. व्ही. शांताराम यांच्यासारखा जाणता दिग्दर्शक होता, कलावंत होते, वेशभूषा होती. रंग मात्र समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेच्या हाती होता. पुढे १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये शांताराम यांनी रंगांची जी उधळण केली, तिच्यामागे ही जुनी हुरहूर असेल असे वाटल्यावाचून राहत नाही. आपल्या देशानेही या क्षेत्रात स्वावलंबनाचा प्रयत्न केला. १९६० साली उटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिची ‘इंदू’ या नावाची कृष्णधवल फिल्म देशभर खपली. तो कारखाना आता बंद पडला आहे.

आज ती प्रयोगशाळा आपल्या तळहाताएवढ्या यंत्रात येऊन बसली आहे. कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ जे ठरवी, ते आता आपण ठरवायचे आहे. म्हणूनच कोणती कळ काय करते हे कळणे अगत्याचे आहे.

सरोजिनी नगरचा एक दिवस

हे शिकण्यास दिल्लीतील सरोजिनी नगरासारखी जागा शोधून सापडणार नाही. पूर्वी या वस्तीला विनय नगर म्हणत. पुढे तिला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या येथील बैठ्या-दुमजली क्वार्टरांत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे राहिली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. शेजारचा कपड्यांचा बाजार तर सर्व देशाला ठाऊक आहे. निर्यातीतून उरलेले कपडे स्वस्तात मिळतात म्हणून तेथे दुरून गिऱ्हाईक येते, आणि २०१८ साली मेट्रोची गुलाबी मार्गिका सुरू झाल्यापासून तर गर्दीला पारावारच राहिलेला नाही. या दीड-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यात सकाळ, दुपार आणि रात्र मिळून प्रकाशाच्या साऱ्या तऱ्हा भेटतात. (सोमवारी मात्र बाजार बंद असतो, हे ध्यानात ठेवावे.)

सकाळी झाडांखालच्या गल्लीपासून प्रारंभ करावा. येथे पहिला धडा ‘व्हाइट बॅलन्स’चा, म्हणजे पांढऱ्याला पांढरे ठरविण्याचा. आजचा कॅमेरा हे काम आपोआप करतो. कोवळे ऊन सोनेरी असले तर तो सोनेरीपणा पुसतो, सावली निळसर असली तर तिला ऊब देतो. फिल्मला ही हुशारी नव्हती. नेहमीची रंगीत फिल्म दुपारच्या उन्हासाठी, म्हणजे सुमारे ५५०० केल्व्हिनच्या प्रकाशासाठी बनविलेली असे. त्यामुळे सकाळ सकाळसारखी पिवळी, सावली सावलीसारखी निळी आणि घरातील बल्ब नारिंगी उतरे. दिवसाचे प्रहर छायाचित्रात ओळखू येत. फिल्मच्या रंगतीचे अर्धे मर्म येथे आहे. यास्तव स्वयंचलित व्यवस्था बंद करून ‘डेलाइट’ किंवा ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर कॅमेरा स्थिर ठेवावा आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. एवढ्या एका बदलाने चित्रांत जो फरक पडेल, तो दहा रंगयोजना पालटूनही पडणार नाही.

दुपारी बाजारात शिरावे. रस्त्याकडेच्या दुकानांवर निळ्या, पिवळ्या, तांबड्या ताडपत्र्या ताणलेल्या असतात. त्यांतून गाळून आलेला उजेड माणसांच्या चेहऱ्यावर पडतो आणि कपडे पाहणाऱ्या बाईचे तोंड एका दुकानापुढे निळे तर पुढच्या दुकानापुढे पिवळे दिसते. डोळा हे सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. निळ्या ताडपत्रीखाली केल्व्हिनचा आकडा ६५०० ते ७५००पर्यंत वाढवावा. आकडा वाढविला की चित्र उबदार होते, हे प्रथम उलटे वाटले तरी लक्षात ठेवावे. पिवळीखाली आकडा कमी करावा. गडद तांबड्या ताडपत्रीखाली मात्र कोणतीही कळ कामी येत नाही. त्या उजेडात हिरवा आणि निळा रंग जवळजवळ नसतोच, आणि जे उजेडातच नाही ते यंत्र कोठून आणणार? अशा वेळी दोन पावले बाहेर यावे आणि ताडपत्रीच्या कडेला, जेथे मोकळे आकाश दिसते, तेथे माणसाला उभे करावे. अनुभवी छायाचित्रकार कळ फिरविण्याआधी जागा बदलतो. अनोळखी माणसाचे छायाचित्र काढण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी, हे सुज्ञ वाचकांना सांगणे न लगे.

सूर्य मावळला की दुकानांतील एलईडी दिवे लागतात. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिच्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. शटरचा वेग फार ठेवला तर चित्रावर आडवे काळसर पट्टे येतात. तो एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवला की पट्टे नाहीसे होतात. या दिव्यांखाली चेहऱ्यावर हिरवट झाक येते. ती घालविण्यासाठी व्हाइट बॅलन्समध्येच छटा सरकविण्याची चौकट असते. तिच्यात एक-दोन घरे किरमिजीकडे जावे. काही कॅमेऱ्यांत याच कामासाठी फक्त तांबडा आणि निळा असे दोन अक्ष असतात. तेथे तांबडा आणि निळा हे दोन्ही एक-दोन घरे वाढवावेत.

उजेड, धार आणि कण

फिल्मची दुसरी खूण म्हणजे प्रखर उजेडाशी तिचे वागणे. निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश अधिक पडला तरी पांढरा भाग हळूहळू, सायीसारखा विरघळत जाई. आजच्या कॅमेऱ्यात मात्र ठरावीक मर्यादा ओलांडली की तेथे कोरा पांढरा डाग उरतो, त्यात तपशील राहत नाही. हे टाळण्यासाठी ‘हायलाइट’चा आकडा उणे एकवर आणावा. फूजीफिल्ममध्ये ‘डायनॅमिक रेंज’ २०० टक्के करता येते; निकॉनमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग’ आणि सोनीमध्ये ‘डायनॅमिक रेंज ऑप्टिमायझर’ आहे, तर कॅननमध्ये ‘हायलाइट टोन प्रायॉरिटी’. सावलीच्या भागाचा आकडा शून्यावर राहू द्यावा. सावली थोडी गडद राहिली तरी चालते, तीत चित्राला वजन येते.

तिसरी गोष्ट धारेची. कॅमेरा आपण होऊन प्रत्येक कडा ठळक करतो. केसाकेसाभोवती आणि पानापानाभोवती एक बारीक कडक रेघ उमटते. फिल्मला ही रेघ नव्हती. म्हणून ‘शार्पनेस’ उणे एक किंवा दोन ठेवावा. रात्रीच्या चित्रांतील खडबड पुसणारी ‘नॉइज रिडक्शन’ची कळही कमी करावी, नाही तर माणसाची त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. फूजीफिल्ममध्ये ‘ग्रेन इफेक्ट’ ही निराळी सोय आहे. ती फिल्मवरील बारीक कणांचे अनुकरण करते. ती ठेवायचीच तर ‘वीक’वर ठेवावी. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीवर हे कण दिसतही नाहीत, आणि मोबाइलवरून चित्र पाठविताना ते दाबले जाऊन चिखलासारखे होतात. कण हे मिठासारखे, चवीपुरते.

चेहरा प्रथम

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच, तिच्याकडे येऊ. फिल्मची रंगत आपल्याला प्रिय आहे. परंतु ती फिल्म कोणाच्या चेहऱ्यासाठी बनविली होती? विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-छायाचित्र पुरवीत असे. त्यात एक गौरवर्णी पाश्चात्त्य तरुणी असे, आणि तिच्या नावावरून त्या छायाचित्राला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा बरोबर उतरली की यंत्र बरोबर लागले, असे मानले जाई. कॅनडातील संशोधिका लोर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा इतिहास मांडला आहे. त्यात असेही नमूद आहे की तपकिरी छटा नीट उतरत नाहीत अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांनी केली, तेव्हा सुधारणेला चालना मिळाली. सावळ्या माणसांची गाऱ्हाणी ज्या दारी पोचली नाहीत, त्या दारी कपाटांची आणि चॉकलेटांची पोचली. पुढे नमुन्याच्या पत्रांवर निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र आल्या, हे खरे. परंतु तोवर कित्येक घरांतील आजी-आजोबा रंगीत छायाचित्रांत काळवंडून गेले होते, नाही तर छायाचित्रकाराने दिव्यांचा मारा करून त्यांना पांढरेफटक केले होते.

दूरच्या कंपनीला नावे ठेवून आपली सुटका नाही. उपवर मुलीचे छायाचित्र काढताना ‘जरा उजळ येऊ द्या’ ही सूचना आपल्याच घरांतून जाते. मुलगी स्टुडिओत जाते एका वर्णाची आणि छायाचित्रात उतरते दुसऱ्या. ते चित्र पाहून ती काय समजते? तिचा खरा वर्ण दाखविण्याजोगा नाही, असेच ना? पूर्वी हे पाप प्रयोगशाळेच्या माथी मारता येई. आज रंगाची कळ आपल्या बोटाखाली आहे, तेव्हा जबाबदारीही आपलीच.

सावळा वर्ण त्याच्या तेजासह उतरविणे अवघड नाही. पहिली बाब प्रकाशमापनाची. कॅमेरा समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे सावळी व्यक्ती उभी राहिली की भिंतीमुळे फसून तो एकंदर उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ अधिक दोन तृतीयांश करावे. पाठीमागे काळोख असेल तर याच्या उलट करावे, कारण तेथे कॅमेरा चेहऱ्याला अकारण पांढरा करतो. दुसरी बाब रंगयोजनेच्या निवडीची. व्हेल्व्हिया सह्याद्रीच्या पावसाळी हिरवाईसाठी ठेवावी. माणसांवर ती वापरली तर त्वचा तांबडीलाल होते. क्लासिक क्रोममध्ये रंग मुद्दामच दबलेले असतात. बाजारातील दृश्याला ती शोभते, पण सावळ्या चेहऱ्यावर कधी कधी मातकट कळा आणते. घरच्या माणसांसाठी ‘अ‍ॅस्टिया’, किंवा नव्या कॅमेऱ्यांत मिळणारी ‘रिअला एस’ बरी. अन्य कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत ‘न्यूट्रल’ किंवा ‘पोर्ट्रेट’पासून प्रारंभ करून रंगाचा आकडा एकेक घराने हलवावा.

आपले आकडे बरोबर लागले की नाही, हे पाहण्यास शर्ली कार्डाची गरज नाही. आपल्या घरीच त्याहून चांगला नमुना आहे. मोगऱ्याचा गजरा माळलेली, कपाळी कुंकू आणि हाती हिरवा चुडा असलेली स्त्री खिडकीच्या उजेडात बसवावी आणि एक चित्र काढावे. गजऱ्याच्या पाकळ्या वेगवेगळ्या दिसल्या तर उजेड योग्य. त्यांचा एकच पांढरा गोळा झाला तर तो अधिक झाला. कुंकू कुंकवाचेच राहिले तर रंगाचा आकडा योग्य. ते शेंदरी दिसले तर ऊब फार झाली. लाल शालूच्या घड्या आणि जर एकाच लाल पट्ट्यात बुडून गेली तर रंग फार चढला. चुडा निळसर झाला तर योजना बदलावी. क्लासिक निगेटिव्हमध्ये हिरवा आणि तांबडा आपापल्या मूळ छटेपासून थोडे सरकतात. आणि या साऱ्यांच्या मध्ये असलेला चेहरा त्या बाईला स्वतःला दाखवून विचारावे, ‘ही तूच ना?’ ती निःसंकोच ‘हो’ म्हणाली की ते आकडे कॅमेऱ्यात कायमचे साठवून ठेवावेत. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यासाठी ‘सी-१’, ‘सी-२’ असे स्वतंत्र खण असतात.

अखेरीस दोन व्यवहाराच्या सूचना. कॅमेऱ्यात ठरविलेले रंग ‘जेपेग’ चित्रात मुरतात. मागाहून ते फारसे पालटत नाहीत. तेव्हा लग्नमुंजीसारख्या पुन्हा न येणाऱ्या प्रसंगी ‘रॉ’ आणि ‘जेपेग’ अशा दोन्ही प्रती साठवाव्यात. रॉ म्हणजे जणू न धुतलेले रीळ. जेपेगमध्ये चूक झाली तर त्यातून पुन्हा चित्र घडविता येते. दुसरी सूचना अशी की, एक संपूर्ण दिवस एकच योजना ठेवून छत्तीसच चित्रे काढण्याचा नियम करून पाहावा. पूर्वीच्या रिळात छत्तीस, आणि अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात तर अवघी बारा चित्रे निघत. संख्या मोजकी असली की माणूस बटण दाबण्याआधी पाहतो, आणि पाहणे हाच या छंदाचा मुख्य लाभ आहे.

हे सारे आजच का करावे, याला एक कारण आहे. दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाची योजना २०१६ साली मंजूर झाली; सरोजिनी नगर त्यांपैकी एक. जुन्या क्वार्टरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. २०१८ साली तेथील वृक्षतोडीला दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, त्यामागे नागरिकांचा तळमळीचा विरोध होता. ज्यांचे बालपण त्या अंगणांत गेले, त्यांच्यापाशी आता बहुधा काही छायाचित्रेच उरली असतील. आपल्या गावातील वाडा, चाळ, गिरणीची कॉलनी यांचीही हीच कथा आहे. अशा जागांची आणि तेथील माणसांची चित्रे काढताना त्यांना उगाच पिवळे, जुनाट करू नये. जुने करण्याचे काम काळ विनामूल्य करतो. सकाळचे ऊन सकाळचे राहू द्यावे, भिंतीचा चुना चुन्याचा आणि आईचा वर्ण आईचा. मग त्यांतील निवडक चित्रांच्या प्रती छापून घ्याव्यात, मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि अल्बम कोरड्या, थंड जागी ठेवावा. चित्र पाहणाऱ्या नातवंडांना आपली पणजी कशी दिसत होती, हे कोणाला विचारावे लागणार नाही.